सलग दोन रविवार

४ नोव्हेंबर

मध्ये बोलू नका. आधी माझं पूर्ण होऊ द्या, मग काय हसायचंय ते हसा.

हे वाक्य आज सभागृहात म्हणणार होतो. "मध्ये" एवढंच म्हणालो आणि माईक बंद. बटण अध्यक्षांच्या हातात. म्हणून आजपासून ही वही. इथे माईक माझा, बटण माझं. कोणाला दाखवणार नाही. कोणी वाचत असेल तर त्याने लाज धरून आत्ताच मिटावी.

मुद्दा असा. माझा वॉर्ड आणि रस्त्यापलीकडचा वॉर्ड जोडणार. आज नक्की झालं. दोन वॉर्डांचा एक. दोन नगरसेवक, पक्ष एकच, तिकीट एकच. दुसरा घरी बसणार.

पक्षाचे साहेब म्हणाले, घाई नको. एक डिसेंबरला स्वतः येतो, फिरतो, बघतो कोणाचं काम दिसतंय ते. हे बोलताना एकटक माझ्याकडे बघत होते. नंतर लक्षात आलं, माझ्या डोक्यावर घड्याळ आहे. तरी मधूनमधून माझ्याकडेही बघितलंच असणार.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तिकीट आपलंच. ती म्हणाली, "अय्या, मग त्यांचं काय?" त्यांचं! म्हणजे पलीकडच्याचं. नवरा समोर उभा, पायांत अजून बूट, आणि काळजी कोणाची ते बघा.

५ नोव्हेंबर, सकाळ

पलीकडच्याबद्दल एकदाच लिहून विषय संपवतो. मत्सर नाही. नोंद.

सायकलवर फिरतो. नाटक सगळं. पन्नाशी उलटली तरी केस काळे, आणि कलप नाही. मी लिफ्टमध्ये मागे उभा राहून मुळं तपासली आहेत. धंद्याने चष्मेवाला. लोकांचे डोळ्यांचे नंबर पाठ. रस्त्यात माणूस थांबवून विचारतो, काय, डावा आता कसा आहे? लोक खूश. पाणी, गटार, दिवे सोडून डावा! भाषण दोन मिनिटांचं. बोलायला काही नसलं की दोन मिनिटंच होतात. माझं जाहीर सभेत चाळीसच्या खाली कधी आलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्याने रस्ता महोत्सव केला. एका दिवसाचा. लोक घरून खुर्च्या घेऊन आले. घरून! मी खुर्च्या भाड्याने आणतो, त्यावर बसायला माणसं गोळा करतो, तरी मधली रांग रिकामी. बायको "नुसतं बघायला" गेली होती. संगीत खुर्चीत दुसरी आली. बक्षीस मिळालं चहाचा मग. त्यातून मी दोन आठवडे चहा पितोय. आज धुताना बुडावर त्याच्या वॉर्डाचा नंबर दिसला.

विषय संपला.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ

गोरा पण आहे.

७ नोव्हेंबर

सापडलं!

माझ्या मागच्या महोत्सवाला गर्दी का नव्हती? पार्किंग. मधल्या रस्त्याची अलीकडची बाजू माझी, पलीकडची त्याची. माझ्या बाजूला झाडं, म्हणून दोन्ही वॉर्डांच्या सगळ्या गाड्या बारा महिने माझ्या बाजूला सावलीत. त्याची बाजू मोकळी. मोकळी बाजू म्हणून महोत्सव रंगला. ह्यात त्याचं कर्तृत्व काय?

ठराव मांडणार. सम तारखेला गाड्या माझ्या बाजूला, विषम तारखेला त्याच्या. म्हणजे विषम तारखेला माझी बाजू स्वच्छ रिकामी. तेव्हा महोत्सव. तेव्हा साहेब. तेव्हा तिकीट.

अशी कल्पना आजवर जगात कोणाला सुचली नसेल. मेहुण्याला सांगितलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, छपाईचं दुकान आहे, माझी सगळी कामं तोच करतो. तो म्हणाला, "भावोजी, बऱ्याच शहरांत असतं हे." त्याला वाचायची सवय आहे. त्यामुळे त्याची प्रगती होत नाही.

११ नोव्हेंबर

ठराव मंजूर. बारा मिनिटं बोललो आणि माईक चालू होता. (अध्यक्ष बाहेर फोनवर होते.)

धक्का एकच. पलीकडच्याने पाठिंबा दिला. हात वर करून, हसत. वर म्हणाला, कल्पना छान आहे, फक्त महोत्सव वगैरे असेल त्या दिवसापुरता अपवाद ठेवू या. मी डाव ओळखला. ह्याला माझ्या नियमात स्वतःची फट हवी. उठून ठणकावलं, अपवाद नाही! कोणासाठीही नाही! तसं लेखी घ्यायला लावलं. कलम चार : अपवाद नाही.

बाहेर आल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगलं काम केलंस मित्रा." घरापर्यंत खांदा झटकत आलो.

बायको म्हणते, मन मोठं आहे हो त्यांचं. ही मनाची मापं कधी घेऊन आली?

१५ नोव्हेंबर (विषम)

नियम लागू. आजपासून वहीतही सम-विषम लिहिणार. शिस्त घरापासून.

सकाळी पहिली गाडी उचलली ती माझी. सवयीने झाडाखाली लावली होती. टोइंगवाल्याने मला कडक सलाम ठोकला आणि मग गाडी उचलली. लोक जमले होते. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की, नियम सर्वांना सारखा हे दाखवण्यासाठी मी मुद्दामच ती तिथे लावली होती. टाळ्या नाहीत, पण विचारात पडलेले दिसले.

मुद्दाम लावली नव्हती. पण आता लिहिताना वाटतंय, लावलीही असेन.

१७ नोव्हेंबर (विषम), रविवार

तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली होती. त्याचा महोत्सव एक दिवसाचा, म्हणजे माझा दोन दिवसांचा हवाच. पण विषमनंतर सम येतो. एक दिवस माझी बाजू रिकामी, दुसऱ्या दिवशी गाड्या. सगळी गंमत ह्या सम तारखांनी घालवली आहे.

आज दुपारी सहज माझं कॅलेंडर चाळत होतो. माझं म्हणजे माझंच. बारा पानं, बारा शर्ट, बाराही पानांवर मी. जानेवारीत वॉर्डातल्या घराघरात वाटलं. आमच्या स्वयंपाकघरात मात्र पलीकडच्याचं लटकतंय. बायको म्हणते, त्यांच्यात लिहायला जागा आहे. माझ्यात जागा नाही, कारण तिथे मी आहे. इतकं साधं आहे, पण पटत नाही तिला. आमच्यातली ही एकच मोठी दरी. मी तिथे मान वर करत नाही.

तर चाळत होतो, नोव्हेंबरच्या तळाशी बघतो तर ३१ नोव्हेंबर. विषम. पान उलटलं. १ डिसेंबर. विषम! विषमला लागून विषम!

आणि वार? ३१ ला रविवार. १ लाही रविवार. पुन्हा मागे गेलो. रविवार. पुढे आलो. रविवार. सलग दोन रविवार. हे असं किती वर्षांनी एकदा येत असेल कोणास ठाऊक, आणि अख्ख्या शहरात कोणाच्या लक्षात नाही! चष्मे विकणाऱ्याच्याही नाही.

३१ ला किरकोळ कार्यक्रम, म्हणजे चित्रकला, संगीत खुर्ची, आणि काय चुका होतील त्या काढून घेणे. १ ला साहेब, माझं भाषण, समारोप. आनंदाने दोनदा जेवलो.

१९ नोव्हेंबर (विषम)

मेहुण्याला फ्लेक्स सांगितला. "भव्य महोत्सव. ३१ नोव्हेंबर व १ डिसेंबर. सलग दोन रविवार." तो मुठीच्या उंचवट्यांवर बोट फिरवत काहीतरी पुटपुटत होता. म्हणाला, "भावोजी, तारीख नक्की ना?" म्हटलं, अरे, कॅलेंडर तूच छापलंयस ना? त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. म्हणाला, "हो हो. मग बरोबर असेल." पाणी प्यायला आणि मशीन चालू केलं.

मेहुणा गप्प झाला की समजायचं, पटलं.

२० नोव्हेंबर (सम)

पेपरात पलीकडच्याचा फोटो. सायकलसह. पेपर बंद केला. बातम्या मला आतून कळतात.

२२ नोव्हेंबर (सम)

परवानगीसाठी वाहतूक शाखेत. कारकुनाने अर्ज वाचला, शेजारच्याला बोलावलं, त्याने वाचून मोठ्या बाईंना बोलावलं. तिघांनी मिळून वाचला. एवढ्या आदराने माझा कागद आजवर कोणी वाचलेला नाही. बाईंनी विचारलं, एकतीसच ना? म्हटलं, एकतीसच. लगेच शिक्का. "३१ नोव्हेंबर रोजी सदर रस्त्यावर कार्यक्रम घेण्यास या कार्यालयाची कसलीही, कोणतीही हरकत नाही." दोनदा लिहिलंय. कसलीही. कोणतीही. पलीकडच्याला ऑक्टोबरमध्ये नुसतं "हरकत नाही" दिलं होतं.

जिना उतरताना वरून हसण्याचा आवाज आला. माझ्या येण्याने कार्यालयात चैतन्य येतं हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

२४ नोव्हेंबर (सम), रविवार

फ्लेक्सला तुफान प्रतिसाद. लोक समोर उभं राहून फोटो काढतायत. एकट्याने, जोडीने, सहकुटुंब. गॅलरीत बसून मोजले. जेवणापर्यंत सत्तेचाळीस. सगळे हसरे. काही जण तर पोट धरून. पलीकडच्याच्या फ्लेक्ससमोर असं कोणी कधी उभं राहिलेलं नाही.

(तो फ्लेक्स लावत नाही. धाडसच नाही.)

२६ नोव्हेंबर (सम)

पलीकडच्याचा फोन. "मित्रा, तारखेबद्दल जरा बोलायचं होतं." कट केला.

घाबरला!

२७ नोव्हेंबर (विषम)

पुन्हा फोन. "अरे, ती तारीख एकदा बघ तरी." कट. आता तारीख पुढे ढकल म्हणून गयावया करणार. मी ह्या माणसाला ओळखून आहे. गोड बोलून पाय ओढतो.

२८ नोव्हेंबर (सम)

स्वतः घरी आला! मी बाथरूममध्ये शिरलो आणि आतून निरोप दिला की मी मीटिंगमध्ये आहे. तास होत आला तरी बाहेर दोघांचा हसण्याचा आवाज. नंतर बघतो तर बायकोने त्याला चहा त्याच मगातून दिला होता. त्याच्या मगातून त्याला! माझ्या घरात!

ती सांगायला लागली, "अहो, ते म्हणत होते एकतीस नाहीच आहे." म्हटलं, त्याच्यासाठी नसेल, माझ्यासाठी आहे. ती म्हणाली, "अहो पण खरंच—" मी हात वर केला. आजपासून ह्या घरात तारीख ह्या विषयावर कोणीही बोलायचं नाही. कलम चार.

ती म्हणाली, "बरं." तिच्या त्या "बरं"मध्ये काहीतरी होतं. पण मला मोठ्या गोष्टींकडे लक्ष द्यायचंय.

३० नोव्हेंबर (सम)

सगळं तयार. उद्या स्टेज, परवा साहेब. उद्या सकाळी सलूनमध्ये कलप लावून घेणार, म्हणजे परवापर्यंत नैसर्गिक दिसतो.

तिकीट मिळाल्यावर पलीकडच्याशी कसं वागायचं तेही ठरवलं. मोठ्या मनाने. मानाचं काहीतरी पद द्यायचं, ज्यात काम नसेल, खुर्ची नसेल, फक्त माझ्या भाषणांना हजर राहायचं. पहिल्या रांगेत. पूर्ण चाळीस मिनिटं.

३१ नोव्हेंबर (विषम), रविवार, सकाळी ७

उजाडला! माझी बाजू आरशासारखी रिकामी. गाड्या सगळ्या पलीकडे, त्याच्या फाटकाला चिकटून. बघून डोळे निवले.

मोबाइल १ डिसेंबर दाखवतोय. नेटवर्कवाल्यांचं काही खरं नाही.

बायकोने चहा दिला आणि विचारलं, "आज एक ना?" म्हटलं, हो, आज एक, उद्या दोन. आज पहिला दिवस, उद्या दुसरा. ती म्हणाली, "आणि साहेब?" म्हटलं, दुसऱ्या दिवशी. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, ह्या विषयावर बोलायचं नाही." मग तिने चांगली साडी काढली. आज कशाला चांगली? उद्या काय नेसणार मग?

९.३०

स्टेज अर्धं उभं. मागच्या पडद्यावरचा माझा फोटो भुवयांपर्यंत चढवून झालाय, बाकीचा दुपारी. खुर्च्यांचा टेम्पो उद्या. सलूनला निघतो.

१ डिसेंबर (विषम), संध्याकाळ

वरची तारीख खोडली आहे. पुन्हा लिहितो. आज सबंध दिवस १ डिसेंबर होता. सकाळपासून. सगळ्यांसाठी.

डोक्याला काळा लगदा, गळ्यात सलूनचं फडकं, अशा अवस्थेत मेहुण्याचा फोन. "भावोजी, साहेब आले." म्हटलं, एक दिवस आधीच? तो रडवेला होऊन म्हणाला, "भावोजी, आधी नाही हो." सलूनवाला म्हणाला, अजून वीस मिनिटं लागतील, नाहीतर रंग धरणार नाही. तसाच पळालो.

रस्त्यावर येऊन बघतो तर दोनशे माणसं. खुर्च्यांवर! घरच्या खुर्च्या, लाकडी, प्लॅस्टिकच्या, एक तर चाकांची. दोन्ही वॉर्डांची माणसं मिसळून बसलेली. आणि माझ्या अर्ध्या स्टेजवर, माझ्या दोन भुवयांखाली, माईक घेऊन पलीकडचा.

आता माझी खुर्ची ओढतोय, म्हटलं. ऐकतो तर म्हणत होता, हा महोत्सव इकडच्या नगरसेवकांनी भरवलाय. पार्किंगची कल्पनाही त्यांचीच, म्हणून तर आज ही जागा मिळाली. ते कामात अडकलेत, येतीलच. तोपर्यंत आपण खेळू या का? दोन मिनिटं. टाळ्या. आणि संगीत खुर्ची सुरू. साहेब खेळायला उतरले. साहेब! चप्पल काढून! शेवटी एक खुर्ची, साहेब आणि माझी बायको. गाणं थांबलं आणि हिचा पाय अचानक मुरगळला. साहेब बसले, दोन्ही हात वर करून लहान मुलासारखे ओरडले.

त्याच क्षणी मी स्टेजवर चढलो. काळं पाणी भुवईवरून नाकावर आलं होतं. साहेबांनी विचारलं, हे कोण? पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, सलूनमधून गिऱ्हाईक सुटलंय वाटतं. हशा. पलीकडचा लगबगीने म्हणाला, नाही नाही, हेच ते, ह्यांचाच सगळा कार्यक्रम. साहेबांनी हात मिळवला. मग स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. पलीकडच्याने रुमाल दिला. साहेबांना नाही, मला. त्यांना दुसरा दिला. दोन रुमाल बाळगतो हा माणूस!

साहेब गाडीत बसताना म्हणाले, मजा आली. कोणाला म्हणाले ते गर्दीत कळलं नाही. मी माझ्या परीने मान हलवली.

त्याने माझी चेष्टा केली असती तर एक वेळ चाललं असतं. त्याने सांभाळून घेतलं.

कलप एकाच बाजूला बसलाय.

२ डिसेंबर (सम), सोमवार

मेहुण्याने कबूल केलं. कॅलेंडर करताना वार जुळतात म्हणून मार्चचा सांगाडा उचलून नोव्हेंबरला वापरला, शेवटचा एकतीस पुसायचा राहिला. म्हटलं, गाढवा, अकरा महिने घराघरात कॅलेंडर लटकतंय, एकाही माणसाने सांगितलं नाही? तो खाली बघत म्हणाला, "भावोजी, लावलं असेल तर सांगतील." आणि ताईला भेटायला म्हणून आत गेला तो परत बाहेर आला नाही.

भाषण खिशातच होतं. स्टेज उभं होतं. माझा फोटो आज पूर्ण चढवला. पण तारीख सम. पहाटेपासून सगळ्या गाड्या माझ्या बाजूला, स्टेजला खेटून, शिस्तीत. माझ्या नियमाचं इतकं तंतोतंत पालन मी पहिल्यांदा बघितलं. समोर मोजून अकरा गाड्या. माणूस नाही.

तरी केलं. भाषण फुकट घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणालो आणि एका पांढऱ्या गाडीच्या काचेत स्वतःला बघून बोलत राहिलो. एकोणतिसाव्या मिनिटाला एका गाडीचा अलार्म वाजला, अगदी योग्य वाक्यावर. मी थांबलो, ओसरू दिला, पुढे गेलो.

शेवटी एकच श्रोता हलला. टोइंगवाला. झाडाला टेकून सगळं ऐकत होता. म्हटलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "छान साहेब. तेवढं स्टेज काढून घ्या. गाड्यांची जागा अडतेय. अपवाद नाही म्हणे."

३ डिसेंबर (विषम)

जनसंपर्क दौरा. उद्देश : नागरिकांच्या समस्या. (कॅलेंडर बघणे.)

पहिल्या घरात कपाटात अंथरलेलं. मी, फेब्रुवारी, डब्यांखाली. दुसऱ्या घरात खिडकीची फुटकी काच झाकायला. तिसऱ्या घरच्या काकू भरभरून बोलल्या, "कागद फार सुरेख बरं का तुमचा. जाड. तेल लागलं तरी फाटत नाही." पाचव्या घरात चक्क भिंतीवर! खिळ्याला! जवळ गेलो, जूनच होता अजून. पान उलटायला हात लावला तर घरमालक ओरडले, "हात लावू नका, मागे भोक आहे, मुंग्या येतात!"

स्वयंपाकघरात सगळ्यांच्याच पलीकडच्याचं. त्याचा नोव्हेंबर बघितला. तीसच. रेषेरेषेवर लोकांनी बारीक अक्षरात स्वतःचं काय काय लिहिलेलं. सिलेंडर. डॉक्टर. आईला फोन.

दौऱ्याचा निष्कर्ष : कागदाच्या दर्जाबद्दल एकमताने समाधान.

६ डिसेंबर (सम)

तिकीट मला!

साहेबांचा स्वतःचा फोन. शब्द न् शब्द लिहून ठेवतो. म्हणाले, "त्याला विचारलं होतं. तो नाही म्हणतोय. मुलीच्या गावाला चाललाय कायमचा, तिथेच चष्म्याचं दुकान टाकतोय. मग तू." आणि ठेवला.

जिंकलो. संपूर्ण, निर्विवाद. पलीकडचा मैदान सोडून पळाला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन हो," आणि गॅलरीत कपड्यांच्या घड्या करायला गेली. वाळायच्या आधीच.

७ डिसेंबर (विषम)

"मग तू."

"तूच" असं म्हणता आलं असतं. तेवढाच वेळ लागतो. "तू" एवढंही चाललं असतं. "मग" कशाला? आपण दुकानात म्हणतो तसं, निळा नाही का, मग तो द्या.

असो. तिकीट तिकीट असतं.

सकाळी पुढच्या पाच वर्षांचा आराखडा लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली, "पलीकडच्यापेक्षा मोठा महोत्सव." खोडली. कोणाच्यापेक्षा? दुसरी ओळ, "पलीकडच्याला जे जमलं नाही ते." खोडली. तिसरी ओळ सुचेना. जेवून पुन्हा बसलो. वॉर्डात काय काय करायचंय हे मला खरं तर चांगलं माहीत आहे. पण वाक्य सुरू केलं की तो आधी येतो, आणि त्याला काढला की वाक्यच राहत नाही.

पान कोरंच. बायकोने येताजाता बघितलं. चहा ठेवून गेली, साध्या कपात.

८ डिसेंबर (सम), रविवार

सकाळी दहा वाजता रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला मजला, दार सताड उघडं. ठरवून गेलो होतो की, उमेदवार म्हणून सदिच्छा भेट, पाच मिनिटं, बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही.

खोकीच खोकी. चष्म्यांच्या फ्रेमा वर्तमानपत्रात गुंडाळत जमिनीवर मांडी घालून बसला होता. मला बघून मनापासून खूश झाला. ढोंग असतं तर कळलं असतं, मी इतकी वर्षं तेच शोधतोय. म्हणाला, "ये मित्रा, बस, त्या खोक्यावर बस, ते पुस्तकांचं आहे, मोडणार नाही." बसलो नाही.

म्हटलं, जाऊ नकोस.

हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. मग सावरून म्हटलं, म्हणजे जायचं तर जा, पण निवडणुकीनंतर जा. आधी अपक्ष उभा राहा. माझ्याविरुद्ध. लोकशाहीत समोर कोणीतरी लागतं, हे मी पक्षाच्या नाही, तत्त्वाच्या भूमिकेतून सांगतोय. प्रचार तुला करावा लागणार नाही. मी करतो ना! रोज सकाळी उठून तुझ्यावर टीका करतो, सभेत, कोपऱ्यावर, घरोघरी. तू फक्त सायकलवर एक फेरी मार. लोकांचे डोळे विचार. मी गॅलरीतून बघेन आणि मग मला काय करायचं ते बरोबर सुचेल. हरलास तर मुलीकडे जा. जिंकलास तर... जिंकलास तर तेव्हाचं तेव्हा बघू. नुसता "मग तू" म्हणून मी निवडून येऊ का? तूच सांग. समोर कोणी नाही आणि मी निवडून आलो, तर मी कोणापेक्षा निवडून आलो?

त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. हसत नव्हता. उठायला लागला, एक हात जमिनीला टेकवून, दुसरा माझ्या खांद्याच्या दिशेने. तो नाही म्हणेल ह्याची मला भीती नव्हती. हो म्हणेल ह्याचीही नव्हती. समजावून सांगेल, ह्याची होती. त्याने तोंड उघडलं, आणि मी जिना उतरलो.